दंडकराष्ट्राचा बिनविरोध पंतप्रधान

मी एका राष्ट्राचा पंतप्रधान आहे ही गोष्ट आमच्या सोसायटीत कुणाला ठाऊक नव्हती, तोपर्यंत माझं बरं चाललं होतं. सकाळी दूध आणावं, दळण टाकावं, शनिवारी संध्याकाळी देशाचा कारभार बघावा, असा निवृत्त माणसाला शोभेलसा दिनक्रम होता. घरात फक्त बायकोला, म्हणजे प्रतिभाला, माहीत होतं आणि तिने त्या पदाचा मान कधीच ठेवला नाही. "पंतप्रधान, कोथिंबीर विसरलात!" असं ती भर जिन्यात ओरडायची. शेजाऱ्यांना वाटायचं, लाडाने म्हणते.

राष्ट्राचं नाव दंडकराष्ट्र. नकाशात शोधू नका, ते मोबाइलवरच्या एका अ‍ॅपमध्ये वसलेलं आहे. तिथे राज्यघटना आहे, संसद आहे, विधेयकं मांडली जातात आणि पाडलीही जातात, दरवर्षी पंतप्रधानपदाची निवडणूक होते. लोक याला खेळ म्हणतात. आम्ही 'सराव' म्हणतो. नागरिकांमध्ये स्पर्धापरीक्षांची मुलंमुली बरीच, देवळालीचे काही निवृत्त फौजी, जळगावचे एक बँकवाले, आणि सुरगाण्याचा एक शिक्षक, ज्याला घरात रेंज मिळत नाही म्हणून तो टेकडीवर चढून मत देतो. पाऊस लागला की त्याचं मत तटस्थ धरायचं, असा संकेत आहे.

हे राष्ट्र स्थापन केलं प्रफुल्ल दोंदेने. प्रफुल्ल माझा मित्र. देवळाली कॅम्पातल्या एका शाळेत तो जन्मभर नागरिकशास्त्र शिकवत होता. इतिहासाच्या पुस्तकाच्या शेवटी चिकटवलेला विषय, मुलं तो परीक्षेच्या आदल्या दिवशी उघडतात. पण प्रफुल्लच्या वर्गात निवडणुका व्हायच्या, मंत्रिमंडळं पडायची, मॉनिटरवर अविश्वासाचा ठराव यायचा. मी पाटबंधारे खात्यात हेडक्लार्क. आमची ओळख बसमध्ये भांडणातून झाली आणि पुढची सगळी मैत्री त्याच भांडणावर चालली. विषय कुठलाही चालायचा. मी 'चहा बरा आहे' म्हटलं की तो कपातून एक घोट घेऊन, "कशावरून?" असं विचारायचा.

मग त्याला झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डोकं मात्र शाबूत राहिलं, म्हणजे होतं तसंच भांडखोर. शरीरात त्याचं नीट ऐकणारा एकच अवयव उरला, डाव्या हाताचा अंगठा. साक्षी नावाची त्याची एक जुनी विद्यार्थिनी आहे, आता वकिलीचं शिकते. तिने मोबाइलवर हे राष्ट्र उभं करून दिलं आणि प्रफुल्लने त्या एका अंगठ्याने अख्खी राज्यघटना टाइप केली. त्यातलं दुसरंच कलम असं, की एक सदस्य लिहीत असेल तोवर दुसऱ्या कुणीही लिहायचं नाही. 'प्रफुल्ल लिहीत आहे' असं पडद्यावर आलं की सगळं राष्ट्र हाताची घडी घालून थांबतं. बाहेर त्याच्यासाठी कोण थांबतं हो? तो हात उचलायचा अवकाश, लोक पाण्याचा पेला तोंडाला लावतात. बिचाऱ्याला पंखा बंद करून हवा असतो.

गेल्या निवडणुकीत मी जिंकलो आणि तो दुसरा आला. घटनेप्रमाणे दुसरा येतो तो विरोधी पक्षनेता. दर शनिवारी प्रश्नोत्तराचा तास, प्रश्न विचारण्याचा हक्क एकट्या विरोधी पक्षनेत्याला, आणि पंतप्रधानाने उत्तर दिलंच पाहिजे. त्या वर्षात प्रफुल्लने मला कांद्यासारखं सोललं. "पंतप्रधानांच्या पाणीयोजनेत पाणी सोडून सर्व काही आहे, हे खरे काय?" हा त्यातला मवाळ प्रश्न. मी उत्तर टाइप करताना इतका तापायचो, की प्रतिभा शेजारी रक्तदाबाची गोळी आणून ठेवायची. मला काय मजा यायची म्हणून सांगू! शनिवार कधी येतो असं व्हायचं.

या वर्षी निवडणूक जवळ आली तेव्हा मी प्रफुल्लकडे गेलो होतो. त्याची तब्येत पुन्हा बिघडली होती, डॉक्टरांनी मान हलवली होती. सुलभावहिनी चहा करता करता हळू आवाजात म्हणाल्या, "भाऊजी, ते भाषण लिहितायत. पंतप्रधान झाल्यावर करायचं पहिलं भाषण. दिवाळीपासून लिहितायत. मला बघू देत नाहीत. फोन उशीखाली घेऊन झोपतात."

त्या चहाच्या कपापाशीच मी ठरवलं, की यंदा हरायचं. पण प्रफुल्लला कळता कामा नये. त्याला संशय जरी आला, तरी तो माझं तोंड बघणार नाही. म्हणजे उभं राहायचं, जोरात लढायचं आणि सन्मानाने आपटायचं. हेडक्लार्कच्या नोकरीत मी यापेक्षा अवघड फायली गुंडाळल्या होत्या, त्यामुळे मला त्यात काही विशेष वाटलं नाही. इथेच माझं चुकलं.

साक्षी दंडकराष्ट्राची निवडणूक आयुक्त. तिने फर्मान काढलं, की प्रत्येक उमेदवाराने आपलं पोस्टर अ‍ॅपवर टाकावं. मी कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे गेलो. आधारकार्डावरचा फोटो दिला, कारण त्यात मी नुकताच जामिनावर सुटल्यासारखा दिसतो. म्हटलं, यावर 'पंतप्रधानपदाचे उमेदवार श्रीधर गायधनी' एवढं लिहून मोबाइलवर पाठव. त्याने पाठवलं. आणि आपलं जुनं गिऱ्हाईक म्हणून प्रेमाने एक भलामोठा फ्लेक्सही छापून सोसायटीच्या गेटवर टांगला. मागे उगवता सूर्य, खाली भाताच्या शेतात उभा मी, माझ्या डोक्याभोवती तेज, आणि 'शुभेच्छुक' म्हणून सोसायटीच्या सगळ्या पुरुषमंडळींचे फोटो, जे त्याच्याकडे कधी ना कधी पासपोर्ट साइज काढायला आले होते. त्यातले एक गृहस्थ मागच्या वर्षी वारले होते. त्यांचाही मला पाठिंबा होता.

दुपारपर्यंत गेटवर गर्दी. एक हवालदार आला, बराच वेळ फ्लेक्स वाचत राहिला आणि मग मला बाजूला घेऊन अदबीने म्हणाला, "साहेब, पंतप्रधान म्हणजे... आपलेच ना? का दुसऱ्या कुठले?" मी त्याला दंडकराष्ट्र समजावून सांगितलं. त्याने टोपी काढून डोकं खाजवलं. "म्हणजे मोबाइलमधलं," तो म्हणाला. "मग ठीक आहे. पण फ्लेक्सला परवानगी लागते. मोबाइलमधली नाही, इथली." परवानगी काढायला गेलो तर खिडकीवरच्या बाईंनी विचारलं, "निवडणूक कुठल्या प्रभागाची?" मी म्हटलं, प्रभाग नाही, राष्ट्र आहे. त्यांनी माझा अर्ज परत दिला आणि मागच्या माणसाला पुढे बोलावलं. इतक्या वर्षांत मी लोकांचे अर्ज असेच परत दिले होते, पण त्यांच्याकडे बघून तरी देत होतो.

फ्लेक्स उतरवायला सोसायटीने नकार दिला. तो नकार रावजी निमसेंचा होता. रावजी आमच्या खालच्या मजल्यावर राहतात. मखमलाबादेला त्यांची शेवंतीची आणि टोमॅटोची शेती, पहाटे मार्केटला फुलं टाकून आले की दिवसभर ते समाजकारणाला मोकळे. गावच्या विकास सोसायटीवर ते एकदा बिनविरोध निवडून आले होते, आणि त्या दिवसाविषयी ते असं बोलतात जसं दुसरा कुणी आपल्या लग्नाविषयी बोलेल. रावजींनी वर येऊन माझ्या सोफ्यावर मांडी घातली.

"गायधनी साहेब, तुमी गप्प बसा. तुमाला यातलं काय कळत नाय. प्रचार आमी बघतो."

"अहो रावजी, ते मोबाइलवरचं आहे. सराव आहे."

"असू द्या ना! इलेक्शन ते इलेक्शन. बिल्डिंगच्या इज्जतीचा प्रश्न हाय. समोर कोण हाय?"

"देवळालीचे दोंदे सर. माझे मित्र आहेत."

"मित्रच असतो समोर," रावजी म्हणाले. "दुश्मन कशाला उभा राहील? त्याला काय पडलीय?"

त्यांनी माझा मोबाइल मागून घेतला आणि नागरिक कसं व्हायचं ते विचारलं. प्रफुल्लच्या घटनेत नागरिकत्वाचं कलम एका ओळीचं आहे: मागेल त्याला. या कलमावरून मी प्रफुल्लशी वर्षभर भांडलो होतो. काही मुदत ठेव, काही परीक्षा घे, उद्या कुणीही उठून आत येईल! त्याचं उत्तर ठरलेलं, "येऊ दे. देश म्हणजे क्लब नव्हे." आता रावजी आत आले. त्यांच्यामागून आमची सोसायटी आली, तिच्यामागून महिला मंडळ, आणि दोन दिवसांत फुलबाजारातली निम्मी माणसं दंडकराष्ट्राची नागरिक झाली. संसदेत पहाटेपासून गुलाबाच्या फुलांसह सुप्रभात येऊ लागलं. 'अर्थसंकल्प' या दालनात कुणीतरी गुडघेदुखीवरचा काढा टाकला. साक्षीने मला आचारसंहिताभंगाची नोटीस पाठवली, ती इतकी कडक होती की मला माझ्या जुन्या कार्यकारी अभियंत्यांची आठवण झाली.

मी हात टेकले नाहीत. म्हटलं, लोक आलेत तर येऊ देत, त्यांनी मला मत देता कामा नये एवढंच. मी जाहीरनामा काढला. त्यात सुट्ट्या निम्म्या करायचं वचन दिलं. स्पर्धापरीक्षेची मुलं म्हणाली, काय स्पष्टवक्ता माणूस आहे! मग मी गणपती, लग्नं आणि वाढदिवस या सगळ्यांत डीजेवर बंदी घातली, म्हणजे तरुण मतदार तरी बिथरतील. महिला मंडळाने घरी येऊन मला ओवाळलं. शेवटी मी थेट रावजींच्या पोटावर पाय दिला आणि शेवंतीवर कर लावण्याची घोषणा केली. आता बोंबलतील आणि उठून जातील, या आशेने मी जिन्यात वाट बघत उभा राहिलो.

रावजी वर आले, त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "साहेब," ते म्हणाले, "आपल्या माणसावर आधी कर लावला तुमी. असा लीडर नाय पायला." बाजारात त्यांनी ते सगळ्यांना सांगितलं. शेवंतीवाले माझ्यावर फिदा झाले, आणि मी खुळ्यासारखा एकेकाच्या दारी जाऊन सांगत सुटलो, की मला मत देऊ नका हो, दोंदे सर माझ्यापेक्षा हजारपटीने लायक आहेत. लोक एकमेकांकडे बघून हसायचे. "किती साधा माणूस," म्हणायचे. पतपेढीच्या निवडणुकीत पडलेल्या माणसाचाही इतका अपमान झाला नसेल, जितका माझा त्या कौतुकाने झाला.

प्रतिभाला मी सगळं सांगून टाकलं. ती भाजी निवडत होती. "सरळ प्रफुल्लभाऊजींना जाऊन सांगा ना, की लोक ऐकत नाहीत," ती म्हणाली.

"काय सांगू? की मला हरायचंय? मग का हरायचंय तेही सांगावं लागेल."

तिने निवडलेली भाजी बाजूला सारली. मग म्हणाली, "त्यांना कळणार नाही असं तुम्हाला खरंच वाटतं?"

मला तसं खरंच वाटत होतं. मी चिडलोसुद्धा तिच्यावर.

अर्ज मागे घ्यायच्या शेवटच्या दिवशी आम्हाला पेठला लग्नाला जायचं होतं. प्रतिभाच्या मावसबहिणीची मुलगी, न जाऊन चालणारच नव्हतं. घाट सुरू झाला की मोबाइल मुका होतो. दिवसभर मी मांडवात वरपक्षाच्या लोकांशी नागलीच्या पापडावर बोलत बसलो होतो. कित्येक दिवसांत पहिल्यांदा कुणी मला पंतप्रधान म्हणालं नाही, आणि मी इतका सुखावलो की जिलबी दुसऱ्यांदा घेतली.

संध्याकाळी रिक्षातून गेटवर उतरलो आणि काही कळायच्या आत माझ्या डोक्यावर गुलाल पडला. हलगी वाजायला लागली. शेवंतीचा एवढा जड हार गळ्यात आला की मी वाकलो. रावजींनी मला कवेत घेतलं.

"झालं साहेब! बिनविरोध!"

"काय बिनविरोध?"

"सरांनी माघार घेतली. आमी गेलो होतो ना देवळालीला! मी, महिला मंडळ, समदे. शाल घेतली, श्रीफळ घेतलं, फुलं तर आपली घरचीच. म्हनलं, आजारी मानूस, त्याला मतदानात पाडायचं हे आपल्या संस्कृतीत बसत नाय. त्यापेक्षा सन्मानाने बसवू. मी त्यांना सांगितलं, साहेबांची तशी इच्छा हाय."

"मी कधी म्हटलं असं?"

"तुमी कशाला म्हनाल? अशा गोष्टी मानूस सोताच्या तोंडाने म्हनतो का कुठं?" रावजी मनापासून हसले. त्यांना खरोखर वाटत होतं, की त्यांनी मला आयुष्यातली सगळ्यात मोठी भेट दिली आहे. त्यांच्या गावात बिनविरोध हा शब्द असाच उच्चारतात. 

मी तिथेच गेटवर साक्षीला फोन लावला. म्हटलं, ती माघार रद्द कर, फसवणूक झालीय. ती म्हणाली, "काका, मुदत संपली. आणि सरांनी माघार स्वतः लिहिलीय, कारण दिलेलं नाही. मी विचारलं त्यांना तीन-तीनदा." मग तिचा आवाज बदलला. "आणखी एक आहे. मतदानच झालं नाही म्हणजे दुसरा कुणी आलाच नाही. म्हणजे या वर्षी विरोधी पक्षनेता नाही. प्रश्नोत्तराचा तास पण नाही."

"असं कुठल्या कलमात आहे?"

"सरांनीच लिहिलंय, काका. त्यांना वाटलं नसेल, की आपल्याकडे कधी बिनविरोध होईल."

प्रतिभा म्हणाली, तोंड तरी धुऊन जा. मी थांबलो नाही. देवळालीच्या बसमध्ये लोक माझ्याकडे बघत होते. डोक्यावर गुलाल, गळ्यात हार, आणि तोंड हे असं. एका सैनिकाच्या बायकोने मुलाला माझ्या शेजारून उठवून आपल्या मांडीवर घेतलं. कंडक्टरने अभिनंदन केलं. मी त्याला धन्यवाद म्हणालो, काय करणार!

प्रफुल्लच्या दारात सुलभावहिनी उभ्या होत्या. माझा अवतार त्यांनी वरून खालपर्यंत पाहिला. "मागायचंच होतं तर स्वतः यायचं, भाऊजी," एवढंच बोलल्या आणि आत गेल्या. मला जोड्याने मारलं असतं तरी चाललं असतं.

प्रफुल्ल पलंगावर टेकून बसला होता. शाल खुर्चीवर घडी करून ठेवलेली, तिच्यावर नारळ. मी हार काढला आणि कुठे ठेवावा ते कळेना, म्हणून हातातच धरून बसलो. आमची बोलायची रीत अशी, की मी तोंडाने बोलतो आणि तो समोर बसून टाइप करतो, ते माझ्या मोबाइलवर उमटतं.

"मी त्यांना पाठवलं नाही," मी म्हणालो. "प्रफुल्ल, शप्पथ सांगतो, मला माहीतच नव्हतं. मी पेठला होतो."

त्याचा अंगठा हलला. माझ्या हातात फोन थरथरला. 'माहीत आहे.'

"मग माघार का घेतलीस?"

तो बराच वेळ टाइप करत होता. मी त्याच्या अंगठ्याकडे बघत होतो. मग आलं, 'शेवंतीवर कर.'

"काय?"

'तू जन्मात शेजाऱ्याच्या शेवंतीवर कर लावणार नाहीस. डीजे ठीक. सुट्ट्या ठीक. शेवंती वाचली आणि कळलं. तू मुद्दाम हरतोयस.'

मी आधी नाही म्हणालो. मग म्हणालो, तुझा गैरसमज आहे. त्याने माझ्याकडे पाहिलं. एका बाजूने खाली ओघळलेला तो चेहरा, पण डोळे पूर्वीचेच, बसमधले. मला खोटं बोलणं पुढे रेटता आलं नाही.

"तुला जिंकायला हवं होतं," मी म्हणालो. "तू भाषण लिहितोयस असं वहिनी म्हणाल्या. तब्येत ही अशी. मला वाटलं, एकदा तरी... मी काय वाईट केलं? सांग ना! मित्रासाठी एवढंही करायचं नाही?"

या वेळी त्याला फार वेळ लागला. मध्ये अंगठा थांबला, त्याने बोटं झटकली, पुन्हा सुरू केलं. आत वहिनींनी कुकर लावला, त्याच्या शिट्ट्या झाल्या. मग फोन थरथरला.

'मी आजारी पडल्यापासून सगळे मला हो म्हणतात. डॉक्टर हो. सुलभा हो. मुलं हो. जे म्हणेन ते हो. भांडणारा तू एकटा उरला होतास. तू पण हो म्हणालास.'

मी ते वाचलं, पुन्हा वाचलं. मला रडू आलं आणि ते मी आवरलं नाही. गुलाल डोळ्यांत उतरला, डोळे चुरचुरायला लागले. म्हणालो, "मी राजीनामा देतो. आत्ता देतो. पुन्हा निवडणूक घेऊ, आणि या खेपेला तुला असा आपटतो की बघ. तुझी पाणीयोजना वाचलीय मी, अगदी भिकार आहे."

तो हसला बहुतेक, नाही तर त्याला तोंड पुसायचं असेल. 'राजीनामा पण माझ्यासाठीच देशील,' त्याने लिहिलं.

"आणि भाषण? भाषणाचं काय?"

त्याने मोबाइल माझ्याकडे वळवला. पान कोरं होतं. मी विचारलं, "कधी पुसलंस?" त्याने ते पान बंद केलं. 'दमलो. जा आता,' असं लिहिलं आणि फोन उशीखाली सारला. मी दारात चपला घालत होतो तेव्हा वहिनी बाहेर आल्या. मघाची शाल त्यांनी माझ्या हातात दिली. म्हणाल्या, "ही घेऊन जा भाऊजी. यांना शालीत उकडतं." मी ती घेतली.

शनिवारी माझा शपथविधी झाला. हजेरी विक्रमी होती, फुलबाजारातून फटाक्यांची चित्रं आली. मी भाषण केलं नाही. साक्षीने एका ओळीत जाहीर केलं, की या वर्षी प्रश्नोत्तराचा तास होणार नाही, आणि त्याखाली कुणीतरी जोडलेले हात टाकले. राजीनामा मी लिहून ठेवला होता. पाठवला नाही. तो म्हणाला होता ते खरंच होतं, तो मी त्याच्यासाठीच लिहिला होता. मला स्वतःला तो द्यायचा नव्हता.

पुढचे काही शनिवार मी नुसताच बसून काढले. मग एक दिवस मनाशी म्हटलं, दयाबिया काही नको, जे मला खरंच पटतं तेच करायचं. मी नागरिकत्वाच्या कलमावर दुरुस्ती विधेयक लिहिलं. नव्या माणसाने आधी सहा महिने नुसतं ऐकावं, मग मत द्यावं. हे मला मनापासून वाटतं, आणि जे काही घडलं त्यानंतर तर फारच वाटतं. चार दिवस खपून लिहिलं. त्यात प्रफुल्लला चिमटे घेतले, नाव घेऊन घेतले. 'या कलमाच्या कर्त्याला मुलांचा वर्ग कळतो, माणसांचा देश कळत नाही,' असं लिहिलं. ही ओळ लिहिताना मला पूर्वीसारखा घाम फुटला. प्रतिभाने न सांगता गोळी आणून ठेवली.

विधेयक मांडलं. चर्चेत बोलायला कुणालाही मनाई नव्हती, कुठल्याही नागरिकाला विरोध करता येत होता. प्रफुल्ल हजर होता, त्याच्या नावापुढे हिरवा ठिपका दिसत होता. म्हटलं, आता येईल. आता 'देश म्हणजे क्लब नव्हे' म्हणून माझी सालं काढेल. मी उत्तराचे चार मुद्देसुद्धा कागदावर काढून ठेवले होते. खुर्ची पुढे ओढून बसलो.

रावजींनी लिहिलं, "साहेब म्हनतील ते मंजूर." महिला मंडळाने फुलं टाकली. चर्चा संपली, साक्षीने मतदान पुकारलं.

सगळ्यात पहिलं मत प्रफुल्लचं आलं. होय.

विधेयक बिनविरोध मंजूर झालं. प्रतिभा स्वयंपाकघरातून विचारत होती, "काय म्हणाले हो प्रफुल्लभाऊजी?" मी तिला सांगितलं, हो म्हणाला.